पंचम उतरलाय, बाई

खांबेटेबाई आपल्या विद्यार्थ्यांचं कौतुक करायला लागल्या की ऐकणाऱ्याची पंचाईत व्हायची. गाण्याच्या बाई म्हटल्यावर माणूस काय अपेक्षा करतो? हिचा आवाज किती गोड, त्याची तान कशी दाणेदार. छे! बाई भाजीवालीला सांगायच्या, "ही माझी सरोज. बारा वर्षं येतेय, पण एकदाही दुसऱ्याच्या चपलेवर चप्पल काढलेली नाही हिनं." भाजीवाली माझ्या पायांकडे बघायची आणि मुकाट्यानं मेथीची जुडी पुढे करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बारा वर्षं गळा काढून माझं कौतुक कशाचं, तर चपलांचं!

पण खरं सांगायचं तर बाईंचा इलाज नव्हता. माझ्या गाण्यात दुसरं कौतुक करण्यासारखं काही नव्हतंच. विमा कंपनीच्या कचेरीत वीस वर्षं खुर्ची उबवल्यावर, मुलगा परगावी शिकायला गेल्यावर, शेहेचाळिसाव्या वर्षी मला गाणं शिकायची हुक्की आली. शनिवार पेठेतल्या त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी धापा टाकत पोचले. लिफ्ट होती, पण तिला बाई 'कलाकार' म्हणायच्या, कारण ती मनात आलं तरच चालायची. बाईंनी मला 'सा' लावायला सांगितला. मी काहीतरी लावलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही वेळेवर येता का?" मी म्हटलं, येते. "मग या."

'तुम्ही'ची 'तू' व्हायला आठ दिवस लागले. बाई अंगानं लहानखुऱ्या, पाठ मात्र पट्टीसारखी ताठ. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि बोलणं इतकं कमी की शब्दांवर कर बसतो की काय असं वाटावं. चुकलं की फक्त "परत." आवाज न चढवता. पुन्हा चुकलं की पुन्हा "परत." बरं झालं तर "हं." फारच बरं झालं तर "हं" जरा लांबायचा. मला बारा वर्षांत लांबलेला "हं" तीनदा मिळाला आणि त्यातल्या एकदा बाईंना शिंक येत होती अशी मला दाट शंका आहे.

पालकांना ही भाषा कळायची नाही. एक गृहस्थ मुलीला मोटारीतून सोडायला यायचे. एक दिवस ते वर आले आणि अदबीनं म्हणाले, "बाई, हिची प्रगती कितपत आहे?"

"आहे की," बाई म्हणाल्या. "गेल्या गुरुवारी चुकली आणि 'चुकले' म्हणाली. आधी भिंतीकडे बघायची."

"नाही, म्हणजे मी परीक्षेच्या दृष्टीनं विचारत होतो."

"मीही परीक्षेच्या दृष्टीनंच सांगतेय."

पुढच्या महिन्यात ती मुलगी दुसऱ्या क्लासला गेली. बाई हळहळल्या, पण मुलीपेक्षा बापासाठी. "बिचारा," म्हणाल्या, "त्याला कधी कुणी चुकू दिलं नसणार."

बाईंचा एक विद्यार्थी चांगला नावारूपाला आला होता. अनिरुद्ध. परदेशात कार्यक्रम, वर्तमानपत्रात फोटो, सगळं. वर्षातून एकदा तो बाईंच्या पाया पडायला यायचा. एकदा तो आला तेव्हा माझा भूप चालला होता. रेशमी कुडत्यातला हा माणूस दारात उभा आणि मी 'ग' शोधतेय! मी उठून स्वयंपाकघरात पळणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "बस खाली. अनिरुद्ध, तू तानपुरा घे."

तो घेऊन बसलासुद्धा. माझ्या मागे. चाळीस मिनिटं मी भूपाचे हालहाल केले आणि तो डोळे मिटून, एका लयीत तारा छेडत राहिला. तो गेल्यावर बाईंनी इमारतभर सांगितलं. त्याचे दौरे नाहीत, फोटो नाहीत. "अहो, चाळीस मिनिटं सरोजच्या मागे बसला, पण कपाळावर एक आठी नाही! असा मुलगा आहे." म्हणजे माझ्या मागे बसणं ही सत्त्वपरीक्षा असते, हे तळमजल्यावरच्या शिंप्यालासुद्धा कळलं. पण मला राग आला नाही. उलट त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं, की ही बाई आमच्यात काय शोधत असते.

आता त्या तानपुऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथंच घडलं. दोन तानपुरे होते, मिरजेहून आणलेले. ते लावायचे बाईंनीच. क्लास सुरू होण्याआधीची वीस मिनिटं त्या एकेक खुंटी पिळायच्या, तारेखालचा मणी केसभर पुढे-मागे सरकवायच्या आणि मान कलती करून ऐकायच्या. तेवढा वेळ कुणी खोकलंसुद्धा तर बाई नुसत्या बघायच्या. खोकला आपोआप थांबायचा. विजेवर चालणाऱ्या तयार तानपुऱ्याला त्या 'डबा' म्हणायच्या आणि तो डबा क्लासात आणायला बंदी होती. "आधी कान लावा, मग गळा," हे त्यांचं आवडतं वाक्य.

एका दिवाळीनंतर क्लास पुन्हा सुरू झाला आणि तानपुऱ्याचा पंचम मला जरासा बसका वाटला. जरासाच. मी म्हटलं, सरोज, तू कोण लागून गेलीस? तुझाच कान बिघडला असणार. पण पुढच्या आठवड्यात तो तसाच, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी थोडा खाली. घरी जाऊन मुलाच्या जुन्या मोबाइलवर सूर तपासायचं ॲप घातलं, क्लासात पदराआड धरलं. पंचम खरंच खाली होता. इकडे तिकडे पाहिलं तर बाकीच्यांचे चेहरेही माझ्यासारखेच. सगळ्यांना कळलं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आमच्या बाईंना वरचे स्वर नीट ऐकू येईनासे झाले होते.

आणि आम्ही काय केलं? आम्ही तेरा जण तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. बाई चहा टाकायला आत गेल्या की मी हळूच मणी सरकवून पंचम जागेवर आणायची. बाई परत आल्या की एकदा तारा छेडायच्या, कपाळाला आठ्या घालायच्या, "कुणी हात लावला का?" म्हणून विचारायच्या आणि तो पुन्हा खाली ओढायच्या. दोन-तीनदा असं झाल्यावर मीही नाद सोडला. मग आम्ही सगळे त्या उतरलेल्या पंचमाला धरून गायला लागलो. बाईंना वाईट वाटू नये म्हणून! ज्या बाईंनी आयुष्यभर आम्हाला खरा सूर ऐकायला शिकवलं, त्यांच्यासमोर आम्ही मन लावून खोटा सूर गात होतो. आणि वर त्याला आदर म्हणत होतो. आठवलं की अजून मला माझी लाज वाटते.

यात भरडली गेली ती मुग्धा. वीस वर्षांची, आमच्यातला खरा गळा तिचाच. तिला पुढे गाणंच करायचं होतं आणि घरच्यांनी "बघू, काही जमतंय का" म्हणून एक वर्ष दिलं होतं. त्या वर्षी ती एका स्पर्धेत गायली. परीक्षक म्हणाले, "आवाज सुरेख आहे, पण पंचम खाली लागतो. घरी तानपुरा नीट ऐकत जा." पोरीनं मनावर घेतलं. घरी डबा आणला, रोज पहाटे उठून पंचम घासला, जागेवर आणला. आणि क्लासात येऊन तो खरा पंचम लावला की बाई म्हणायच्या, "चढतोय. परत."

दोन महिने. बाहेर म्हणतात खाली, बाई म्हणतात वर. पोर बिचारी वाळत चालली. एकदा जिन्यात मला म्हणाली, "काकू, मला बहुतेक सूरच कळत नाही. मी सोडून देऊ का हे?" तेव्हा तरी मी बोलायचं ना! मी काय केलं असेल? तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "होईल गं सगळं नीट." वा रे काकू!

त्याच सुमाराला स्नेहल आली. अकोल्याची मुलगी, खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. मी विचारलं, काम काय करतेस? म्हणाली, "दुसऱ्यांनी बनवलेलं तपासते, काकू. काय चुकलं ते शोधायचं अन् लिहून पाठवायचं. सगळे चिडतात माझ्यावर." दोन बस बदलून यायची, गावाकडे पाच वर्षं शिकलेली होती. तिचा चौथा का पाचवा दिवस असेल.

मुग्धा यमन गात होती. बाई म्हणाल्या, "चढतोय. परत." मुग्धानं परत लावला. "परत." परत लावला. "परत." मुग्धाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती गातच होती. आम्ही सगळे सतरंजीची नक्षी पाठ करत होतो.

"बाई," स्नेहल म्हणाली, "मुग्धाचा बरोबर आहे नं. तानपुऱ्याचा खाली आहे."

मी तिला चिमटा काढला. काहीएक उपयोग झाला नाही.

"तुला तसं वाटतंय, की तसं आहे?" बाईंनी विचारलं.

"तसं आहे, बाई. पंचम उतरलाय."

बाईंनी तानपुरा तिच्यापुढे सरकवला. "लाव."

स्नेहलनं मणी सरकवला, तारा छेडल्या. पंचम बरोब्बर जागेवर येऊन बसला. बाईंनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "मला हा चढा लागतोय." आणि त्या आमच्याकडे वळल्या. "ज्यांना हा बरोबर वाटतोय, त्यांनी हात वर करा."

कुणी हलेना. मग मुग्धाचा हात वर गेला. मग एकेक करत सगळ्यांचे. माझा सर्वांत शेवटी.

"कधीपासून?" बाईंनी मलाच विचारलं.

"मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून," मी म्हटलं.

"म्हणजे दीड वर्ष." बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मुग्धाकडे गेल्या, तिच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "दोन महिने मी तुला 'परत' म्हणत होते. माझं चुकलं, बाळ. तुझा सूर खरा होता." मग आम्हाला म्हणाल्या, "आणि तुम्ही सगळे हे बघत बसला होतात. मी तुम्हाला गाणं शिकवत होते, की माझी आरती करायला? जा आता. क्लास संपला."

तो त्या दिवसापुरता संपला असं आम्हाला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी बाईंचा निरोप आला, क्लास कायमचा बंद. ज्याला सूर ऐकू येत नाही त्यानं शिकवायचं नसतं. निरोपात आणखी काही नव्हतं.

पंधरा दिवस मी रोज ठरवायची, आज जाऊन बाईंशी बोलायचं. आणि रोज काहीतरी काम निघायचं. शेवटी स्नेहलचाच फोन आला, "काकू, मी चालली आहे बाईंकडे. येता का?" गेलो. तानपुऱ्यांना गवसणी चढलेली, सतरंजी गुंडाळून ठेवलेली. इतक्या वर्षांत ती फरशी मी पहिल्यांदाच पाहिली. ते बघून मला रडूच फुटायचं बाकी होतं.

"मिरजेला परत पाठवतेय," बाई म्हणाल्या. "एखाद्याच्या उपयोगी पडतील."

"आमच्याकडे काही चुकलेलं सापडलं तर दुरुस्त करतात, बाई," स्नेहल म्हणाली. "फेकून नाही देत."

"मी काय तुमचं सॉफ्टवेअर आहे का गं?"

"नाही. पण जुनी सिस्टीम चांगली असते. फक्त कुणालातरी रोज लक्ष ठेवावं लागते."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुला भीती नाही वाटली?"

"वाटली नं. रात्रभर झोप नाही लागली मला. पण मुग्धा रडून राहिली होती, बाई."

बाईंनी पदरानं डोळे टिपले, उघडपणे, लपवाछपवी न करता. आणि म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला तुमच्यापैकी कुणाला जमेल?"

डॉक्टरांकडे आम्ही दोघी बरोबर होतो. डॉक्टरांनी नाव, वय, त्रास विचारला. बाईंनी त्रासाबद्दल एक अक्षर न काढता स्नेहलला दंडाला धरून पुढे केलं. "ही माझी विद्यार्थिनी. हिला येऊन महिना झाला नव्हता आणि हिनं सगळ्यांसमोर सांगितलं, की माझा तानपुरा चुकीचा लागलाय!" बाईंचा चेहरा असा फुलला होता की डॉक्टर गडबडले. "अरे वा," म्हणाले, "अभिनंदन." "थँक यू," बाई म्हणाल्या.

कानाचं यंत्र आलं. पण यंत्र बोलण्यासाठी बरं, गाण्यासाठी बेताचंच. "सगळ्या जगाला सर्दी झाल्यासारखं ऐकू येतं," बाई कुरकुरल्या. तानपुरा त्यांना लावता येणार नव्हता तो नव्हताच. म्हणून सतरंजी पुन्हा पसरली ती नव्या नियमानं. तानपुरा विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं लावायचा, आणि बाकीच्यांनी तो बरोबर आहे की नाही ते मोठ्यानं, एकेकानं सांगायचं. नुसती मान डोलावलेली चालणार नाही. पहिले काही दिवस आमची बोबडी वळायची. 'जरा... म्हणजे... किंचित...' करत आम्ही बोलायचो. बाई म्हणायच्या, "किंचित काय? वर का खाली?" हळूहळू जमायला लागलं. सुराचं सोडून बाकी सगळं बाईंना अजूनही आमच्यापेक्षा जास्त ऐकू यायचं. श्वास कुठं तुटला, शब्द कुठं चावला, मन कुठं भटकलं. त्यासाठी त्यांना यंत्र लागत नव्हतं. आणि सुराची शंका आली की "परत" म्हणायच्या आधी त्या विचारायच्या, "स्नेहल, खरंच चढला का?" ती "नाही" म्हणाली की बाई "बरं" म्हणून पुढे जायच्या. मुग्धाचं वाळणं थांबलं. तिच्या घरच्यांनी आणखी दोन वर्षं दिली.

दोन वर्षं बाईंनी असं शिकवलं. मग गुडघ्यांनी जिन्याला नकार दिला, लिफ्ट तर कलाकारच, आणि मुलगी त्यांना कोल्हापूरला घेऊन गेली. क्लास आता मुग्धा आणि स्नेहल मिळून चालवतात. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या जायच्या आदल्या आठवड्यात, मुग्धाच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला.

सभागृह भरलेलं होतं. बाई पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. मुग्धानं सुरुवात फार छान केली. दहाएक मिनिटं झाली असतील. आणि एकाएकी ती थांबली. तबला थांबला. मुग्धानं हात जोडले आणि म्हणाली, "माफ करा, तानपुऱ्याचा पंचम उतरलाय. दोन मिनिटं द्या."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. आमच्या मागचे एक गृहस्थ म्हणाले, "आधी लावून यायचं ना मग." मुग्धा मात्र मागे वळून शांतपणे खुंटी पिळत होती, मान कलती करून.

बाई माझ्याकडे झुकल्या. "काय झालं गं?"

मी त्यांच्या कानाशी सांगितलं.

"उतरला होता? मला तर बरोबर वाटत होता."

"उतरला होता, बाई."

मला वाटलं, यांना लागणार. पण बाई खुर्चीत आणखी ताठ बसल्या. "एवढ्या लोकांसमोर थांबली?"

"हो."

"मी समोर बसलेली असताना?"

"हो, बाई."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. असा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर फार कमी वेळा पाहिला आहे. मग अचानक माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला कळलं होतं?"

"हो," मी म्हटलं. "दोन-तीन मिनिटं झाली होती."

"मग मला कानात तरी सांगायचंस!"

साठीला आलेली बाई मी, खाली मान घालून पदराशी चाळा करत बसले. बाईंनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि थोपटला.

"शिकशील," म्हणाल्या, "अजून वेळ आहे तुला."